सहानुभूती नेमकी कुणाला मिळते?

२ मार्च २०२३ ला पुण्यात दोन पोटनिवडणुकांचे निकाल एकाच दिवशी लागले. कसबा पेठेची जागा मुक्ता टिळक यांच्या निधनाने रिकामी झाली होती, चिंचवडची लक्ष्मण जगताप यांच्या. दोन्ही जागा भाजपच्या. दोघांचंही आजारपण लोकांनी पाहिलेलं होतं. २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानाला दोघंही तशा अवस्थेत रुग्णवाहिकेतून मुंबईला गेले होते. चिंचवडमध्ये पक्षाने जगतापांच्या पत्नी अश्विनी यांना उमेदवारी दिली आणि त्या निवडून आल्या. कसब्यात टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही, आणि जवळपास तीन दशकं हातात असलेली जागा गेली. संध्याकाळपर्यंत कट्ट्याकट्ट्यावर निदान तयार होतं: चिंचवडला सहानुभूतीची लाट आली, कसब्यात पक्षाने ती स्वतःच अडवली.

आता चिंचवडचे आकडे जरा मांडून बघा. अश्विनी जगताप यांच्यासमोर राष्ट्रवादीचे नाना काटे होते आणि बंडखोर राहुल कलाटे होते. या दोघांची मतं एकत्र केली तर ती विजयी उमेदवारापेक्षा जास्त भरतात. मग ही लाट होती की मतविभागणी? २०२१ मध्ये पंढरपूर-मंगळवेढ्यात आमदार भारत भालके यांच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव भगीरथ उभे राहिले. हळहळ तिथेही होती. तरी ते सुमारे ३,७०० मतांनी पडले, आणि निकालाच्या दिवशी लाटेचं नाव कुणी काढलं नाही. आपल्याकडे ही लाट बहुधा निकालानंतर दिसते, तीही जिंकणाऱ्याच्या बाजूची.

मोठ्या लाटाही येऊन गेल्यात, नाही असं नाही. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसला लोकसभेत चारशेहून अधिक जागा मिळाल्या, त्यामागे दुसरं कुठलं कारण शोधायला फार कष्ट पडतील. पण हळहळ वाटणं वेगळं आणि ती मतात, पैशात किंवा मदतीत उतरणं वेगळं. शेजारच्या दोन दुःखांपैकी एकासाठी आपला जीव तुटतो आणि दुसऱ्यासाठी तुटत नाही, हे का होतं याचा विचार माणसं अडीच हजार वर्षं करत आली आहेत. त्यांना बरंच काही सापडलेलंही आहे.

## आधी शब्द निवडून घेऊ

या भावनेच्या घराण्यात मराठीने भरपूर शब्द जन्माला घातले आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'कीव' वरून खाली पडते. "मला तुझी कीव येते" हे वाक्य शिवीसारखं लागतं. 'दया' करणाऱ्याचा हातही वरच असतो, फक्त तो उघडा असतो. 'हळहळ' ही लांबून वाटणारी गोष्ट आहे, तिला काही करायचं नसतं. क्रिकेटचा सामना हरल्यावरही आपण हळहळतो. 'कळवळा' मात्र पोटातून येतो. मुलाचं हित चित्तात वाहणाऱ्या आईबद्दल तुकोबांनी म्हटलंय, "ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती." 

'सहानुभूती' म्हणजे सह अनुभूती, सोबतीने अनुभवणं. इंग्रजीतल्या 'सिंपथी'ची मूळ ग्रीक घडणही अशीच आहे: 'सिन्' म्हणजे सोबत, 'पॅथॉस' म्हणजे सोसणं. हल्ली त्याच्या जोडीला 'समानुभूती' हा शब्द ऐकू येतो. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याला काय वाटत असेल हे ओळखण्याची ती क्षमता. ही क्षमता असलेला माणूस चांगलाच असेल असं नाही. "तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय, लगेच पैसे पाठवा" असा फोन करणाऱ्या भामट्याला तुमची भीती अगदी नेमकी कळलेली असते. त्याच्याकडे फक्त कळवळा नसतो. या लेखात आपल्याला कळण्यापेक्षा कळवळण्याशी काम आहे.

## "हेल्मेट होतं का?"

सोसायटीच्या ग्रुपवर बातमी येते की कुणाच्या तरी भाच्याचा हायवेवर अपघात झाला. पहिला प्रतिसाद "अरेरे" असतो. दुसरा, नव्वद टक्के वेळा, "हेल्मेट होतं का?" तिसरा, जरा चाचरत, "रात्री किती वाजता?" म्हणजे प्यायलेला होता का. विचारणारी माणसं दुष्ट नसतात. किती हळहळायचं याचा त्यांचा हिशोब चालू असतो.

हा हिशोब ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवला. वक्तृत्वावरच्या ग्रंथात तो सांगतो की करुणा वाटायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. आलेलं संकट मोठं हवं आणि ते भोगणाऱ्याची तशी लायकी नसावी, म्हणजे त्याने ते ओढवून घेतलेलं नसावं. ते उद्या आपल्यावर किंवा आपल्या माणसावर येऊ शकतं असं वाटायला हवं. आणि ते जवळ, डोळ्यांसमोर घडतंय असं दिसायला हवं. हेल्मेटचा प्रश्न पहिल्या अटीची तपासणी आहे. "माझा मुलगाही त्याच रस्त्याने जातो हो" ही दुसरी अट. अपघाताचा फोटो ही तिसरी.

पहिली अट सगळ्यात निर्दय आहे, कारण ती उलटीही चालते. अमेरिकेत मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना एका तरुणीला चुकीच्या उत्तरांबद्दल विजेचे झटके बसताना दाखवलं. झटके खोटे होते, ती अभिनय करत होती, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. जिथे बघणाऱ्यांना तिची सुटका करता येत होती तिथे तिच्याबद्दलचं मत फारसं बिघडलं नाही. जिथे काहीच करता येत नव्हतं आणि तिचे हाल पुढे चालूच राहणार होते, तिथे त्यांनी तिलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्याय्य आहे, इथे उगाच कुणाचं वाईट होत नाही, हा विश्वास आपल्याला इतका हवा असतो की तो टिकवायला आपण भोगणाऱ्यालाच दोषी ठरवतो. 'पूर्वजन्मीचं काहीतरी असेल' हे आपल्याकडचं वाक्य याच कारखान्यातलं आहे.

ॲरिस्टॉटलच्या हिशोबात एक चौथी, विचित्र अट आहे: संकट *फार* जवळ आलं तर करुणा पळून जाते, तिथे नुसती भीती उरते. त्यासाठी तो इजिप्तच्या राजाची गोष्ट देतो. तीच गोष्ट हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने, राजाचं नाव वेगळं देऊन, सविस्तर सांगितली आहे. पर्शियाचा राजा कॅम्बायसिसने इजिप्त जिंकला आणि हरलेल्या सामेनिटसला नगराबाहेर बसवून त्याची परीक्षा पाहिली. समोरून त्याची मुलगी दासीच्या कपड्यांत घागर घेऊन पाण्याला गेली. बाकीचे बाप आक्रोश करत होते, हा फक्त मान खाली घालून बसला. मग त्याचा मुलगा गळ्यात दोर आणि तोंडात लगाम घालून दोन हजार तरुणांबरोबर वधाला नेला गेला. तरीही हा गप्प. पाठोपाठ एक म्हातारा आला, एके काळचा त्याच्या पंगतीचा सोबती, आता सैनिकांपुढे हात पसरत फिरणारा. त्याला पाहून मात्र सामेनिटस ढसाढसा रडला, कपाळ बडवून घेऊ लागला. कॅम्बायसिसने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझ्या घरचं दुःख रडण्यापलीकडचं आहे. मित्राचं दुःख अश्रूंनी पेलण्याजोगं आहे.

गोष्ट इथे संपत नाही. पण तिचा शेवट राखून ठेवतो.

## पणतीचा हिशोब

अंधाऱ्या अंगणात पहिली पणती लावली की सगळं अंगण बदलतं. दुसरी लावल्यावरही फरक कळतो. शंभर पणत्या लागलेल्या असताना एकशे एकावी लावली तर कुणाचं लक्षही जात नाही. आपलं मन दुःखाचा हिशोब असाच करतं.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांकडून एक किरकोळ प्रश्नावली भरून घेतली आणि मोबदला म्हणून पाच डॉलर दिले. सोबत मदतीचं आवाहन करणारं एक पत्र. काहींच्या पत्रात मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या गरीब मुलीचा फोटो आणि दोन-चार ओळी होत्या. काहींच्या पत्रात आकडे होते: आफ्रिकेत किती लाख मुलांना अन्न कमी पडतंय वगैरे. रोकियासाठी लोकांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकड्यांसाठी १.१४. इथवर आश्चर्य नाही. पण तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली होती आणि आकडेही. साध्या तर्काने तिथे सगळ्यात जास्त पैसे जमायला हवेत. जमले सरासरी १.४३. आकड्यांनी रोकियाला मदत केली नाहीच, उलट तिच्या वाट्याचे पैसे कमी केले. माणूस मोजायला लागला की कळवळायचं थांबतो, असं काहीसं.

चेहरा आणि नाव असलेल्या एका माणसामागे धावणं आणि 'हजारो' म्हटल्यावर पान उलटणं, या आपल्या खोडीकडे थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच बोट दाखवलं होतं. एका मुलीच्या ऑपरेशनला पैसे हवेत म्हटलं तर टपालाने नोटांचा पाऊस पडेल. पण कर न वाढवल्यामुळे इस्पितळांची दुरवस्था होऊन थोडे जास्त लोक मरतील म्हटलं तर कुणी पाकीट काढणार नाही. 

आपल्याला हे सांगायला शेलिंग लागत नाही. जुलै २००६ मध्ये हरियाणाच्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा एक मुलगा बोअरवेलच्या खड्ड्यात पडला. जवळपास पन्नास तास त्याच्या सुटकेची धडपड चालू होती आणि वृत्तवाहिन्या ती अखंड दाखवत होत्या. देशभर देवळं, मशिदी, गुरुद्वारांत प्रार्थना झाल्या. तो सुखरूप निघाला आणि लोकांनी फटाके वाजवले. त्यानंतरही देशात मुलं उघड्या बोअरवेलमध्ये पडत राहिली. झाकण बसवणं हे काम टीव्हीवर दाखवण्याजोगं नाही.

आणि ही भावना टिकते किती? २ सप्टेंबर २०१५ ला तुर्कीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका सीरियन बाळाचा, लाल शर्टातला, पालथ्या झोपेत असल्यासारखा फोटो जगभर गेला. तोवर सीरियाच्या युद्धात लाखो माणसं मेलेली होती. त्या एका फोटोनंतरच्या आठवड्यात स्वीडनच्या रेडक्रॉसच्या निर्वासित निधीत रोज जमणारी रक्कम आधीच्या पंचावन्न पट झाली. सुमारे दीड महिन्यात ती पुन्हा बरीच खाली आली. युद्ध चालूच होतं.

## रडायला तिकीट काढून कोण जातं?

आपण जातो. मुलांनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या नटाचं नाटक बघायला लोक पैसे मोजून जातात, रुमाल भिजवतात आणि मध्यंतरात बटाटेवडा खातात. दुःख वाईट असेल तर त्याची चव कशी काय लागते? भारतीय साहित्यशास्त्राने या प्रश्नावर जितकी डोकेफोड केली तितकी क्वचितच कुणी केली असेल.

भरताच्या नाट्यशास्त्राने पहिली गोष्ट स्पष्ट केली: "मी फार दुःखी आहे" असं पात्राने नुसतं म्हटलं तर प्रेक्षकाला काही होत नाही. भावनेला दार लागतं. दुःखाचं कारण समोर घडताना दिसायला हवं, याला 'विभाव' म्हणतात. मग त्याची शरीरावरची खूण दिसायला हवी, म्हणजे 'अनुभाव'. करुण रसाच्या अनुभावांची भरताने दिलेली यादी आजच्या दिग्दर्शकालाही कामाची आहे: अश्रू आहेतच, पण तोंडाला कोरड पडणं, चेहऱ्याचा रंग उडणं, अंग गळून जाणं, निःश्वास, आठवण हरपणं हेही आहे. गंमत बघा, मालिकेत सगळा भार अश्रूंवर असतो आणि कोरड पडलेलं तोंड कुणी दाखवत नाही. प्रत्यक्षात कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर आपल्या पोटात कालवतं ते गॅसवर दूध उतू जात असताना नुसतं बघत उभी राहिलेली बाई दिसल्यावर.

दुसरी गोष्ट दहाव्या-अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या अभिनवगुप्ताने नीट मांडली. नाटकातलं दुःख 'माझं' नसतं, 'माझ्या शत्रूचं' नसतं, 'परक्या कुणाचं' म्हणून सोडून देण्यासारखंही नसतं. ते माणसाचं होऊन जातं. याला 'साधारणीकरण' म्हणतात. त्याने रसात येणाऱ्या विघ्नांची यादीही दिली आहे. त्यातलं एक विघ्न म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. घरून भांडून आलेल्याला नाटक रडवत नाही. सामेनिटसला मुलासाठी रडता आलं नाही आणि मित्रासाठी आलं, ते ॲरिस्टॉटलने आणि त्यानंतर तेराशे वर्षांनी अभिनवगुप्ताने एकच गाठ दोन टोकांनी सोडवल्यासारखं आहे. रामायणाची जन्मकथाही बघा. अरण्यात रोज किती पक्षी मारले जात असतील. पण वाल्मीकीने एक जोडी पाहिली, नर पडलेला, मादी विलाप करणारी, आणि शोकाचा श्लोक झाला. तिथेही पणती एकच आहे.

मराठी लेखकांना यात आणखी एक युक्ती साधलेली आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात अवघड: सहानुभूती न मागणं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. सोवळ्याच्या वेडाने घर हैराण करणारे वडील, लहरी नवरा, त्याचं १८९५ मधलं धर्मांतर, मग काही वर्षांची ताटातूट. यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर हुंदके देत दोनशे पानं लिहिता आली असती. बाई हसवत सुटतात. आपण हसतो आणि चार ओळी पुढे गेल्यावर लक्षात येतं की आत्ता ज्यावर हसलो ते एका बाईचं आयुष्य उद्ध्वस्त होणं होतं. तिने रडायचं नाकारलं म्हणून ते काम वाचकावर पडतं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' उघड रडवते, हे खरं. पण तिच्यातही पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई आधी बदडून काढते, आणि मग त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. आई नुसती मऊ असती तर आपण इतके हललो नसतो.

## "मी काही बोलणार नाही, पण…"

साहित्यात रडवणाऱ्याला आपल्याकडून काही नको असतं. मन वळवणाऱ्याला हवं असतं: मत, पैसे, निकाल. म्हणून तिथे आपण सावध असतो, आणि म्हणून तिथे जास्त चलाख रस्ते वापरावे लागतात.

अथेन्सच्या न्यायालयात आरोपी रडकी लेकरं पंचांसमोर उभी करत. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला तेव्हा त्याने हे करायला नकार दिला. मलाही घरदार आहे, तीन मुलगे आहेत, एक मोठा, दोन अजून लहान, पण त्यांना मी इथे आणणार नाही, असं प्लेटोच्या नोंदीप्रमाणे तो म्हणाला. तत्त्वाचा माणूस, यात शंका नाही. पण मुलांची संख्या आणि वयं पंचांच्या कानावर घालूनच त्याने त्यांना 'आणलं नाही'. आपल्या प्रत्येक घरात ही कला अवगत असलेलं एक तरी माणूस असतं. "मी काही बोलणार नाही, पण तीन दिवस झाले कंबर धरलीय." "तुम्ही जा हो सगळे, माझं काय, मी ताकभात खाऊन पडेन." मात्र यातला दुसरा प्रकार दहाव्यांदा चालत नाही, कारण तोवर आपल्याला कळलेलं असतं की ताकभात ही मागणी आहे. मागणी दिसली की कळवळा आटतो आणि कर्तव्य किंवा चीड उरते. त्याला आपण 'रडगाणं' म्हणतो, आणि हा शब्द फक्त पुन्हा पुन्हा गायलेल्या दुःखासाठी वापरतो.

१८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्याची सभा राजकारणातलं उदाहरण म्हणून चांगली आहे; शरद पवारांबद्दल तुमचं मत काहीही असो. एकोणऐंशीव्या वर्षात असलेला नेता धो धो पावसात भिजत बोलत राहिला. त्यांनी पावसाची तक्रार केली नाही, वरुणराजाचा आशीर्वाद म्हटलं. उमेदवार निवडताना आपली चूक झाली अशी कबुलीही दिली. दया मागितली असती तर विरोधकांना हसायला विषय मिळाला असता. विभाव समोर होता, अनुभाव अंगावरून ओघळत होता, आणि दया मागणारा शब्द नव्हता. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत, पवारांचा पक्ष सोडून भाजपकडून उभे राहिलेले उदयनराजे भोसले हरले. तो निकाल एकट्या पावसाने लावला असं मी म्हणणार नाही, चिंचवडबद्दल जी शंका काढली ती इथेही काढायला हवी. पण त्या फोटोने जे केलं ते शंभर भाषणांना जमलं नसतं.

## मग ही सगळी बनवाबनवीच म्हणायची?

हा प्रश्न रास्त आहे, आणि दिवसेंदिवस जास्त रास्त होतोय. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या हेलेन चक्रीवादळानंतर पुराच्या पाण्यात, होडीत, कुत्र्याचं पिल्लू छातीशी धरून रडणाऱ्या मुलीचा फोटो बऱ्याच लोकांनी पुढे पाठवला. ती मुलगी कधी अस्तित्वातच नव्हती. संगणकाने बनवलेलं चित्र होतं. आपल्याकडच्या ग्रुपवर फिरणारे मदतीचे जुने संदेश, खाते क्रमांक बदललेले, तर सगळ्यांनाच माहीत आहेत. पण बनावट नोट निघते म्हणून खरी नोट खोटी होत नाही. पाहणं एवढंच की भावना उसळल्यावर आणि पैसे पाठवण्याआधी एक फोन करायला आपण थांबतो का.

मला त्यापेक्षा जास्त छळणारा प्रश्न खऱ्या फोटोंचा आहे. २०२०-२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाला स्नायूंचा दुर्मीळ आनुवंशिक आजार असल्याचं कळलं. औषधाच्या एका डोसची किंमत सुमारे १६ कोटी रुपये. आईवडिलांनी समाजमाध्यमांवर आवाहन केलं, हजारो अनोळखी लोकांनी पैसे दिले, केंद्राने सुमारे ६ कोटींचा कर माफ केला आणि बाळाला औषध मिळालं. यात कुणाचंही काही चुकलं नाही. तो निधी उभा करताना लोक जसे वागले त्याचा अभिमानच वाटावा. पण मेळघाटातल्या कुपोषित बाळांच्या बातम्या आपण नव्वदच्या दशकापासून वाचतोय. त्यांची आई इन्स्टाग्रामवर नसते, आणि ती बातमी नेहमी आकड्याने सुरू होते.

डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने १९९५ मध्ये हेच प्रयोगात दाखवलं. एका आजारी मुलीची मुलाखत ऐकवून लोकांना विचारलं: उपचारांच्या प्रतीक्षायादीत तिला वर घ्यायचं का? तिच्यापुढे जास्त गरजू मुलं आहेत हे त्यांना सांगितलेलं होतं. ज्यांना 'तिला काय वाटत असेल ते मनात आणा' म्हटलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तिला वर ढकललं. ती माणसं क्रूर झाली नव्हती, उलट फार दयाळू झाली होती. फक्त यादीतल्या बाकी मुलांना आवाज नव्हता. प्रतीक्षायादी, रेशनकार्ड, विमा, बोअरवेलला झाकण सक्तीचं करणारा नियम, या रुक्ष गोष्टी अशा वेळी कामाला येतात. त्यांना चेहरा दिसत नाही, हा त्यांचा दोष मानला जातो. मला तो बऱ्याचदा गुण वाटतो.

## "तुमची सहानुभूती नको"

शेवटचा आक्षेप ज्यांना सहानुभूती दिली जाते त्यांच्याकडून येतो. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. त्यात ती सांगते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडी-पाऊस-वाऱ्यात त्यांना किती दुःख होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा. ॲरिस्टॉटलची दुसरी अट तिने त्याचं नावही न ऐकता पूर्ण केली: हे तुमच्यावर आलं असतं तर? पण ती तिथे थांबत नाही. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असं ती देवालाच विचारते. वाचकाचे डोळे ओले होण्यावर तिचं समाधान नाही, तिला उत्तर हवंय.

१९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी हीच रेघ आणखी ठळक केली. चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही तर आम्ही मरणार आहोत असं नाही, असं त्यांनी सांगितलं; इतरांसारखीच आम्हीही माणसं आहोत हे स्थापन करायला आम्ही तळ्यावर जातोय. तहानलेल्या माणसाला पाणी देणं ही दया झाली, आणि दया करणाऱ्याला ती न करण्याचीही मुभा असते. हक्काला तशी मुभा नसते. पुढे दलित आत्मकथनं आली तेव्हा मध्यमवर्गीय वाचक रडला, बक्षिसं दिली, अभ्यासक्रमाला लावली. "वाचून फार वाईट वाटलं" यावर एखाद्या लेखकाने "मग?" असं विचारलं तर त्यात उद्धटपणा दिसण्याचं कारण नाही.

म्हणून सहानुभूती टाकाऊ ठरत नाही. ती दार ठोठावते, आणि अनेकदा तिच्याशिवाय कुणी उठतही नाही. जिथे ती उत्तम चालते तिथे तर तिला शब्दही लागत नाहीत. मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे, नातलग पिठलं-भात घेऊन येतात. कडू घास म्हणतात त्याला. हेल्मेट होतं का, कुणी विचारत नाही. ताट वाढतात, समोर बसतात, माणूस दोन घास खाईपर्यंत उठत नाहीत.

आता सामेनिटसच्या गोष्टीचा उरलेला भाग. त्याचं उत्तर ऐकून तिथे असलेला क्रीसस, स्वतःच राज्य गमावलेला लिडियाचा राजा, रडला, पर्शियन सरदार रडले. कॅम्बायसिसच्या मनातही, हिरोडोटस म्हणतो, थोडी करुणा जागी झाली. त्याने हुकूम दिला की राजपुत्राला वधाच्या रांगेतून सोडवा आणि बापाला माझ्याकडे घेऊन या. माणसं धावत गेली. मुलगा त्यांना जिवंत सापडला नाही. रांगेत त्याला सगळ्यांत आधी मारलं होतं.